बोट उठत नाही: एका मच्छीमार सोसायटीतल्या आधारच्या कागदांचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान बंदरावरचं आहे. गाव, सोसायटी, बँक आणि माणसं यांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आठवड्यातून दोनदा सोसायटीत हिशेब बघायला जातो. त्यामुळे मी यात त्रयस्थ नाही. ज्या फाईलींबद्दल पुढे लिहिलं आहे त्यातले बरेच कागद माझ्या डोळ्यांदेखत फाईलला लागले आणि तेव्हा मी काहीही बोललो नव्हतो.

पार्श्वभूमी

बंदरावर ‘बोट’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ओहोटीला कुणी म्हणालं ‘बोट लागत नाय’, तर होडी धक्क्याला येत नाही असं समजायचं. तेच वाक्य रेशन दुकानासमोर ऐकलं तर एखाद्या बाईचा अंगठा मशीन घेत नाहीये असं समजायचं. गेल्या काही वर्षांत दुसरा अर्थच जास्त कानावर पडतो.

आमच्याकडच्या बहुतेक बायका कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कामाला जातात. सकाळी सहाला बर्फातली कोळंबी पुढ्यात येते ती दुपारपर्यंत. बर्फ, मिठाचं पाणी आणि कोळंबीच्या डोक्याचा काटा यांनी बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून जातात. तिशीतल्या बाईचं बोट मशीनला दोन-तीनदा लावावं लागतं, साठीतल्या बाईचं पाच-सहा वेळा. याची इतकी सवय झाली आहे की ‘परत लावा’ हे कुणाला वेगळं वाटतच नाही.

ओळखपत्र मागितलं जाण्याचीही इथे सवय आहे. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत हल्ला करणारे समुद्रातून, एक मासेमारी ट्रॉलर पळवून आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक कार्डं आली, किनारी गावांतल्या रहिवाशांसाठी वेगळी ओळखपत्रं आली, बोटींना रंगाचे नियम आले. आधारही त्याच सुमाराचं. पहिला क्रमांक सप्टेंबर २०१०मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. शहरातल्या माणसाला आधार आल्यावर ‘सरकार माझे ठसे का घेतंय’ असा प्रश्न पडला असेल. आमच्या तांडेलांचे, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचे, ठसे तोवर एकदा देऊन झाले होते. त्यांना प्रश्न पडला तो एवढाच, की आता हे कितवं कार्ड.

सोसायटीत आधारचे कागद तीन वाटांनी जमले. पहिली वाट खलाशांची. प्रत्येक होडीवरच्या खलाशांची यादी मालक सोसायटीकडे देतो आणि सोबत आधारची झेरॉक्स. आमच्याकडे नेपाळ, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशातले खलाशी दर हंगामाला बदलतात, म्हणून फाईल दरवर्षी जाड होते. दुसरी वाट व्हॉट्सॲप ग्रुपची. झेरॉक्सचं दुकान बंद असलं की मालक कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. ग्रुपमध्ये ६३ जण होते. त्यात डिझेल पंपावरचा मुलगा होता, बर्फ फॅक्टरीचा मॅनेजर होता आणि दोघे असे होते की ते कोण हे ॲडमिनलाही सांगता येईना.

तिसरी वाट मला सगळ्यात उशिरा दिसली. सभासदांच्या घरच्या बायकांना सोसायटीकडून मिळणाऱ्या रकमेच्या पावत्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा पावतीवर अंगठा, शेजारी ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा. आणि पावतीला टाचलेली आधारची झेरॉक्स, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. शाईचा स्वच्छ ठसा, बारा आकडी क्रमांक आणि बँकेचं नाव, तिन्ही एका टाचणीत. अंगठा हा पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर माणसाची सही होता. तो कागदावर राहिला म्हणून काही बिघडत नव्हतं, कारण त्या ठशाने कुणाला तिजोरी उघडता येत नव्हती. आता येते, आणि तरी आम्ही कागद जुन्याच पद्धतीने टाचत राहिलो.

काय घडलं

या प्रकरणातल्या काकी ५८ वर्षांच्या. नवरा तांडेल होता, तो गेल्यावर जाळी आणि इंजिनातला वाटा विकून आलेले काही पैसे खात्यात होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये आले आणि बँकेतून पैसे काढायची गरज अचानक वाढली. शाखा तालुक्याच्या गावी, ११ किलोमीटरवर. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण जाण्यायेण्यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून दर गुरुवारी मशीन घेऊन येणारा माणूस सगळ्यांना हवा होता. तो मच्छी लिलावाच्या छपराखाली बसे. आधार क्रमांक सांगायचा, बोट लावायचं, पैसे घ्यायचे. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. आधारवर चालणाऱ्या या पैसे काढण्याच्या सोयीला एईपीएस म्हणतात. ती चांगली सोय आहे हे मी आजही म्हणतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी एटीएमपेक्षा सोपी आहे.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, काकी दिवाळीसाठी पैसे काढायला मुद्दाम शाखेत गेल्या आणि पासबुक भरून घेतलं. घरी नातवाने वाचून दाखवलं तेव्हा कळलं की २२,००० रुपये कमी आहेत. त्याच संध्याकाळी पासबुक घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

“काका, मी इतकं कधी काढलेलं नाय हो. मी एकेक हजारच घेते.”

नोंदी दोन प्रकारच्या होत्या. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या तीन गुरुवारी एकाच दिवशी हजाराच्या दोन नोंदी, मध्ये तीन-चार मिनिटांचं अंतर. काकींना प्रत्येक वेळी मिळाले हजारच. आणि दसऱ्यानंतरच्या सोमवार-मंगळवारी, १४ आणि १५ ऑक्टोबरला, एकदा १०,००० आणि एकदा ९,०००. त्या दोन्ही दिवशी मशीनवाला गावात आलेलाच नव्हता.

पहिल्या प्रकारचा अंदाज बांधणं अवघड नव्हतं. ‘उठला नाय, परत लावा’ म्हटलं की काकी परत लावायच्या. पहिला ठसा उठला होता की नव्हता हे स्क्रीनवर दिसतं. स्क्रीन मशीनवाल्याकडे वळवलेली असते, आणि वळवलेली नसती तरी काकींना वाचता येत नाही. दुसऱ्या प्रकाराने मात्र मी चक्रावलो. बाई शेडमध्ये बसलेली आणि तिचं बोट दुसरीकडेच कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी आणखी सात बायकांची पासबुकं आली, कोळीवाड्यातली आणि मोहल्ल्यातलीही. सगळ्यांच्या दुहेरी नोंदी होत्या. दुसऱ्या प्रकारची, मोठ्या रकमेची नोंद फक्त काकींच्या खात्यात.

पर्याय आणि त्यांची वजाबाकी

त्या रात्री सोसायटीच्या कचेरीत बैठक बसली. चेअरमन, सेक्रेटरी, मी आणि दारात उभी पंधरा-वीस माणसं.

चेअरमनचा मुलगा म्हणाला, गुरुवार येऊ दे, त्याला छपराखालीच धरू. हा पर्याय लोकांना सगळ्यात आवडला. मी विरोध केला. एक म्हणजे मोठी रक्कम त्यानेच काढली याचा काडीचा पुरावा नव्हता. दुसरं म्हणजे मारहाण झाली असती तर आठ बायकांची तक्रार बाजूला पडून उलटी तक्रार आमच्याच पोरांवर झाली असती.

सेक्रेटरी म्हणाला, दिवाळी झाल्यावर बघू. हा पर्याय कुणाला आवडला नाही, पण होणार होता तोच. त्याला अडवणं हा माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा लागू असलेलं ६ जुलै २०१७चं परिपत्रक असं सांगत होतं: चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत त्याला सोसावं लागतं. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर होतं. आता काकींचे व्यवहार दोन आठवड्यांपूर्वीचे. पण त्यांना सूचना मिळाली कधी? खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक भाच्याचा, तो चार वर्षांपूर्वी बंद झालेला. एसएमएस कुणालाच गेला नव्हता. म्हणजे घड्याळ पासबुक भरलं त्या दिवसापासून, २८ ऑक्टोबरपासून चालू झालं असं मांडता येत होतं, आणि दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर तो मुद्दा आम्हीच बुडवला असता. ३० तारखेला सकाळी साडेदहाला आम्ही शाखेत होतो.

पुढचा पर्याय सगळ्या बायकांचं बायोमेट्रिक लॉक करण्याचा, म्हणजे आधारवरचे त्यांचे ठसे कुठेच चालणार नाहीत असे बंद करून ठेवण्याचा. शहरातला माणूस हा सल्ला पटकन देतो. आमच्याकडे तो तसाच्या तसा चालत नाही. लॉक-अनलॉकसाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा, आठांपैकी तिघींचाच जोडलेला होता. शिवाय लॉक केलेल्या बोटावर रेशनही मिळत नाही. दर महिन्याला रेशनच्या दिवशी उघडायचं, मग परत बंद करायचं, आणि धान्य आलेल्या दिवशी गावात रेंज असेलच असं नाही. चोर बाहेर ठेवायला घातलेली कडी घरच्या माणसालाच अडवणार.

त्यापेक्षा अर्धा उपाय बरा वाटला: बँकेला लेखी अर्ज देऊन खात्यावरचं एईपीएस तेवढं बंद करायचं. सरकारी योजनेचे पैसे आधार जोडणीने खात्यात येतच राहतात, फक्त बोटावर निघत नाहीत. किंमत अशी की पैसे काढायला ११ किलोमीटर जायचं. आठपैकी पाच जणींनी ती मान्य केली. तिघी नको म्हणाल्या. त्यांतल्या एकीचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ती म्हणाली, “वर्षाला हजार-दोन हजार त्यानं खाल्ले असतील. माझी बुडालेली मजुरी धरा, ती जास्त होते.”

उरला सोसायटीच्या कागदांचा प्रश्न. त्यावर त्या रात्री कुणाला बोलायचंच नव्हतं.

काय केलं

शाखेतल्या साहेबांनी नोंदी बघितल्या आणि म्हणाले, व्यवहार यशस्वी आहे, अंगठा जुळला आहे, म्हणजे अंगठा काकींचाच. आधारचा डेटाबेस सुरक्षित आहे, तिथून ठसे बाहेर जात नाहीत. हे दुसरं वाक्य खरं असेलही. पण ठसा चोरायला डेटाबेसपर्यंत जावं लागतच नाही. २०१८मध्ये तेलंगणात एका माणसाने जमीन नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून रबराचे ठसे बनवले आणि त्यांवर सिम कार्डं चालू केली, हे पोलिसांनीच उघड केलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, ते तेलंगणात. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर सोसायटीतल्या पावत्यांचा गठ्ठा आला, आणि मी गप्प बसलो.

अर्ज दिला, पोच घेतली. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. दोन आठवडे उलटल्यावर पैसे गोठवले जाण्याची आशा नसते, तरी तक्रार क्रमांक हाती असावा लागतो. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोलायच्या शेडच्या मुकादमाने हजेरीच्या वहीची प्रत दिली, १४ आणि १५ ऑक्टोबरला काकी सहापासून दोनपर्यंत हजर. ही प्रत पुढे फार कामाला आली. मुकादम तसा तिरसट माणूस, पण त्याने वहीची सगळी पानं न देता फक्त काकींच्या ओळीची प्रत दिली. बाकीच्या बायकांची हजेरी कशाला द्यायची, म्हणाला. खासगीपणाबद्दल त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

यानंतरच्या कामाला वेळ लागला, आणि खरा दुवा तिथेच सापडला. आधारवर केव्हा, कुठल्या संस्थेने, कुठल्या प्रकारची पडताळणी केली याची मागच्या सहा महिन्यांपर्यंतची यादी आधारधारकाला बघता येते, जास्तीत जास्त ५० नोंदी. ती उघडायला ओटीपी लागतो. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन, तेव्हाचे ५० रुपये भरून, मोबाईल क्रमांक जोडायचा होता. केंद्रावर काकींचं बोट उठेना, शेवटी डोळ्यावर काम झालं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यादी हाती आली.

५० नोंदींची ती यादी मी रात्री वहीत उतरवून काढली. ३४ अयशस्वी, १६ यशस्वी. रेशन दुकानात एका दिवशी सलग सहा अयशस्वी, मग एक यशस्वी. गुरुवारच्या नोंदी तशाच, तीन-चार अपयशं आणि मग एक यश. दोन गुरुवारी मात्र लागोपाठ दोन यशं: पहिलं यश आलं होतं तरी ‘परत लावा’ सांगितलं गेलं होतं. तिसरा, ऑगस्टमधला गुरुवार यादीत आलाच नाही, कारण अपयशांनीच ५० जागा भरून टाकल्या होत्या. आणि १४-१५ ऑक्टोबरच्या नोंदी? दोन्ही दिवशी एकही अपयश नाही. पहिल्याच प्रयत्नात ठसा जुळला.

काकींच्या खऱ्या बोटाला चार-पाच वेळा लागतात, आणि त्या दोन दिवशी एका फटक्यात. ते बोट बर्फात झिजलेलं नव्हतं.

हा पुरावा न्यायालयात कितपत टिकेल हे मला ठाऊक नाही, पण बँकेला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा कणा तोच झाला. यादी, हजेरीची प्रत, बंद मोबाईल क्रमांकाचा मुद्दा आणि परिपत्रकाचा संदर्भ, सगळं दोन पानांत. बँकेने अर्ज फेटाळला. परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती तरी खात्यात जमा व्हायला हवी होती, तीही झाली नाही. तक्रारीला ३० दिवस पुरे झाल्यावर डिसेंबरात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार टाकली.

दरम्यान कागदांचा विषय मला काढावा लागला. कार्यकारिणीत मी म्हणालो, ठसा कुठून गेला हे आपल्याला कळणार नाही कदाचित, पण जाऊ शकेल अशी एक जागा आपल्याच कपाटात आहे. चेअरमन चिडले. सोसायटीने फसवलं असं म्हणायचंय का तुम्हाला? तसं मला म्हणायचं नव्हतं. पण गेल्या तीन वर्षांत ते कपाट किती जणांनी उघडलं, ऑडिटला फाईली बाहेर नेल्या तेव्हा त्या कुठे होत्या, कुणी मोबाईलवर फोटो काढले का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सेक्रेटरीकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

सेक्रेटरीचा प्रश्न व्यवहारी होता: उद्या तपासणी आली आणि खलाशाचं आधार मागितलं तर काय दाखवू? त्यावर आम्ही नियम चाळले. आधार कायद्याचं कलम २९ आधार क्रमांक जाहीरपणे मांडायला मनाई करतं. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधार वैध ठरवलं, पण कलम ५७मधली, खासगी संस्थांना आधार मागण्याची वाट बंद केली. बँक खातं आणि सिमसाठी आधारची सक्तीही काढली. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने म्हटलं होतंच. आमची सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. समुद्रात तपासणी झाली तर खलाशाने आपलं कार्ड स्वतः दाखवायचं असतं, त्याची प्रत आमच्या कपाटात असल्याने तिथे काही फरक पडत नाही. आम्हाला हवी होती ती नाव, गाव, वय आणि फार तर शेवटचे चार आकडे.

सरकारी पातळीवरही याबाबत गोंधळ झालाच होता. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, पहिले आकडे झाकलेलं आधार द्या असं पत्रक काढलं, आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. गैरसमज होईल म्हणून. चेअरमननी तेच उचललं: बघा, सरकारनेच मागे घेतलं. मी म्हणालो, पत्रक मागे घेतलं, आकडे झाकायची सोय मागे घेतली नाही.

शेवटी ठराव झाला. झेरॉक्सवरचे पहिले आठ आकडे काळ्या मार्करने झाकायचे. हे आम्ही दोन दिवस केलं आणि मग बर्फ फॅक्टरीतल्या एका पोराने कागद उजेडात धरून आकडे वाचून दाखवले. म्हणून झाकलेल्या कागदाची परत झेरॉक्स काढायची, ती ठेवायची आणि मूळ जाळायची. अंगठ्याच्या पावत्यांपुढची आधारची आणि पासबुकाची प्रत काढून टाकायची, पावती तेवढी कपाटात कुलपात. कुणीतरी म्हणालं, जाळायचंच आहे तर शिमग्यापर्यंत थांबू, होमात टाकू. लोक हसले, पण मी थांबू दिलं नाही. फॅक्टरीमागे पत्र्याच्या पिंपात दोन दुपारी लागल्या.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला. त्याचा उपयोग अर्धाच. फोटो ६३ फोनांच्या गॅलरीत जाऊन बसलेले, काहींचे आपोआप इंटरनेटवरही साठवलेले. मी घरोघर गेलो, २१ जणांनी माझ्यासमोर फोटो काढून टाकले. बाकीच्यांनी ‘काढतो’ म्हटलं.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२५मध्ये बँकेने काकींच्या खात्यात १९,००० रुपये जमा केले. पत्रात चूक कबूल केलेली नाही. लोकपालाकडचं प्रकरण त्यावर मिटलं. दुहेरी नोंदींचे तीन हजार मिळाले नाहीत, ते व्यवहार काकींच्या समक्ष झाले असं उत्तर आलं. बाकीच्या सात जणींपैकी चौघींना मशीनवाल्याने स्वतःच येऊन थोडेथोडे पैसे दिले, का ते त्याने सांगितलं नाही. त्याला नेमणाऱ्या कंपनीने त्याचं मशीन काढून घेतलं. पोलिसांत अर्ज आहे, अटक नाही. १४ आणि १५ ऑक्टोबरला कुणी, कुठे, कशाने बोट लावलं हे आजवर कळलेलं नाही. पावतीवरून ठसा उचलला, मशीनवाल्याने जपून ठेवला, की तिसरंच काही, मी तिन्ही शक्यता धरून आहे.

गुरुवारी आता दुसरी बाई मशीन घेऊन येते. ती स्क्रीन ग्राहकाकडे वळवून ठेवते आणि प्रत्येक वेळी छापील चिठ्ठी देते. तिला हे सोसायटीने सांगितलं, काही नियम दाखवून नव्हे, तर छपराखाली बसायची परवानगी सोसायटीच्या हातात आहे म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे पासबुक. आठही जणींची पासबुकं तीन महिन्यांहून जास्त काळ भरलेली नव्हती. मी आठवड्यातून दोनदा तिथे जात होतो, महिन्यातून एकदा गठ्ठा करून शाखेतून भरून आणणं मला जड नव्हतं. दुसरी दुहेरी नोंद झाली तेव्हाच कळलं असतं.

बंद मोबाईल क्रमांक हा त्याहून मोठा. खात्याला कुणाचाही क्रमांक लावून वेळ निभवायची पद्धत मी बँकेत असताना काउंटरवर स्वतः चालू दिली आहे. रांग लांब असायची.

बँकेत साहेबांसमोर मी पावत्यांबद्दल गप्प बसलो ते बरोबर होतं का, यावर माझं मत अजून ठरत नाही. बोललो असतो तर बँकेने सगळा दोष सोसायटीवर ढकलून काकींचा अर्ज त्याच दिवशी मोडीत काढला असता. गप्प बसल्यामुळे मात्र ज्या बायकांचे अंगठे त्या गठ्ठ्यात होते, त्यांना ही गोष्ट आमच्याकडून महिनाभर उशिरा कळली. त्या महिन्यात कुणाच्या खात्यातून काही गेलं नाही हे नशीब. आज हे परत घडलं तर बँकेत गप्प बसेन, पण त्याच संध्याकाळी शेडवर जाऊन बायकांना सांगेन.

कागद जाळण्याबद्दल एक चूक उघड आहे. पोलिसांत अर्ज असताना काकींच्या पावतीला टाचलेला मूळ संच आम्ही बाकीच्यांबरोबरच जाळला. तो पाकिटात सीलबंद करून पोलिसांकडे द्यायला हवा होता. घाई माझीच.

आणि खलाशांचं काम झालेलं नाही. हंगामाच्या सुरुवातीला मालक खलाशाला उचल देतो आणि तो मध्येच पळून जाऊ नये म्हणून त्याचं मूळ आधार कार्ड आपल्या कपाटात ठेवून घेतो. सोसायटीच्या झेरॉक्स जाळल्या त्याच आठवड्यात मी हा विषय काढला. खलाशाचं कार्ड खलाशाच्या खिशात असावं, एवढंच. बायकांच्या पैशांच्या वेळी माझ्यामागे उभे राहिलेले मालक इथे उठून गेले. एकाने स्पष्ट विचारलं, चाळीस हजार उचल तुम्ही देता का? मी दर हंगामाला हा विषय काढतो. आतापर्यंत दोघा मालकांनी कार्डं परत केली आहेत, त्यातल्या एकाचा एक खलाशी खरंच पळाला, आणि तेच उदाहरण मला दर बैठकीत ऐकवलं जातं.

काकींनी एईपीएस परत चालू केलेलं नाही. पावसाळ्यात शेड बंद असते तेव्हा त्या एसटीने जातात आणि दोन महिन्यांचे पैसे एकदम काढून आणतात. एवढी रोकड घरात ठेवणं मला पसंत नाही. मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, घरातला डबा कुठे ठेवलाय ते मलाच माहीत आहे. रेशनवर मात्र बोट लावावंच लागतं. मागच्या महिन्यात मी रांगेत त्यांच्या मागे होतो. दुकानदार म्हणाला, “काकी, नाय उठला, परत लावा.” काकींनी हात मागे घेतला आणि वळून मला म्हणाल्या, “काका, काय लिहिलंय ते जरा वाचा.”

खरंच उठला नव्हता.